जुन्या उपनगरात संसार : पार्ले, मुलुंड, चेंबूरकडचे अनुभव सांगाल का?

आम्ही घोडबंदर रोडला भाड्याने राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि पहिलीत जाणारी मुलगी. आता स्वतःचं घर घ्यायचं ठरलंय आणि घरात दोन मतं आहेत. इथल्या मोठ्या कॉम्प्लेक्समधल्या टू बीएचकेच्या पैशांत थोडी भर घातली, तर पार्ले पूर्वेला चाळीसेक वर्षं जुन्या इमारतीत वन बीएचके मिळतंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवऱ्याचं ऑफिस अंधेरी पूर्वेच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत, माझं बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. मला पार्ल्याची ओढ आहे, पण ओढीवर कर्ज काढायचं नाही. म्हणून जुन्या उपनगरांत मुलंबाळं, म्हातारी माणसं घेऊन राहिलेल्या सगळ्यांना विनंती : भाव आणि गुंतवणूक बाजूला ठेवा, रोजचं जगणं कसं आहे ते लिहा.

पार्लेकरीण

आम्ही डोंबिवलीहून आलो तेव्हा मुलगा बालवाडीत होता. पहिला मोठा बदल म्हणजे शाळेची बस आयुष्यातून गेली. पार्ले टिळक १९२१ची शाळा, तिच्या आजूबाजूला वस्ती वाढत गेली, त्यामुळे घरापासून शाळा चालत गाठता येते. आम्ही दोघं नोकरीला, पण सासरे त्याला आणायला जायचे आणि येताना भाजी घेऊन यायचे. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळं असेल, पण गेटबाहेर पडल्यावर सत्तरीच्या माणसाला एकट्याने रस्ता ओलांडता येतो का, ते बघा. माझ्या लेखी कुटुंबासाठी घर निवडताना हाच पहिला प्रश्न आहे.

सासूबाईंचं तर इथे येऊन नवं आयुष्य सुरू झालं. लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे. तिथलं ग्रंथालय, व्याख्यानं, ओळखीची चार माणसं, हे सगळं कोणावर अवलंबून न राहता त्यांना मिळालं. डॉक्टर कोपऱ्यावर, पोळी-भाजी केंद्र खाली, शिंपी, चपला शिवणारा, घड्याळवाला सगळे चालण्याच्या अंतरावर.

आता दुसरी बाजू. घर लहान आहे. दहावीच्या वर्षी मुलाला अभ्यासाला जागा नव्हती, पाहुणे आले की हॉलमध्ये गाद्या. विमानं डोक्यावरून जातात, फोनवर बोलता बोलता थांबावं लागतं. पहिले काही महिने मला झोप लागत नव्हती, मग सवय झाली, माझ्या आईला मात्र कधीच झाली नाही. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला तेव्हा तिकडची वाहतूक आमच्या गल्ल्यांत शिरली. पूल पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडलं. जुन्या उपनगरात पूर्व-पश्चिम जोडणारे रस्ते मोजकेच असतात, त्यातला एक गेला की शाळा सुटायच्या वेळी हाल होतात.

बीकेसीचं विचारलंय म्हणून : मेट्रो ३चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला. देशांतर्गत विमानतळाचं स्टेशन पार्ले पूर्वेहून जवळ आहे. फक्त घर स्टेशनच्या अंगाला आहे की हायवेच्या, त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. लोकलचं म्हणाल तर पार्ल्याला फास्ट गाड्या थांबत नाहीत, त्यासाठी अंधेरी गाठावं लागतं.

भाड्याच्या घरातला

वरचं सगळं खरं आहे, पण आमच्याबद्दलही वाचा. भाग तोच म्हणता येईल इतका जवळचा. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मुलगी पाचवीत होती. बिल्डरने सुरुवातीला भाडं दिलं, मग उशिरा द्यायला लागला, मग बंद केलं. इमारत पाडलेली, प्लॉटवर गवत. घरमालक अकरा महिन्यांनी भाडं वाढवायचे किंवा घर सोडा म्हणायचे. मुलीची शाळा बदलायची नाही म्हणून आम्ही त्याच परिसरात महागडी घरं घेत राहिलो. ती कॉलेजात गेली तरी आमचं घर उभं राहिलेलं नाही. वडील त्या जागेसमोरून जायचं टाळायचे. ते आता नाहीत.

म्हणून सांगतो, जुन्या उपनगरात तुम्ही भाग विकत घेत नाही, इमारत विकत घेता. ती इमारत कुठल्या टप्प्यावर आहे ते कळल्याशिवाय टोकन देऊ नका.

*(हे वाचून आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. मनापासून लिहिलंत, आभार. इमारतीचा टप्पा कसा ओळखायचा, हे कुणी माहीतगार सांगेल का?)*

आर्किटेक्ट, पश्चिम उपनगरं

सांगतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला थेट विचारा : जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन कायदेशीरपणे सोसायटीला मिळालीय का? प्रॉपर्टी कार्डवर (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) सोसायटीचं नाव आहे का? ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, आहे का? जुन्या सोसायट्यांत यातलं एखादं तरी नसतं, आणि जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर डीम्ड कन्व्हेयन्सपासून (मालक तयार नसला तरी सरकारकडे अर्ज करून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) सुरुवात होते. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. त्यात मोठी दुरुस्ती लिहिली असेल तर तो खर्च नव्या सभासदावरही येणार. पागडीची खोली असेल तर प्रकरणच वेगळं, तुम्ही मालक नसता, भाडेकरू असता.

रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर सभेचे इतिवृत्त वाचा. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर प्रस्ताव पुढे जाऊ शकतो. म्हणजे तुम्हाला नको असलं तरी तुम्ही राहायला आल्यावर वर्षभरात इमारत रिकामी करायची वेळ येऊ शकते. सभासद नेमकं कशावर भांडताहेत ते इतिवृत्तातून कळतं. बिल्डरची बँक गॅरंटी (त्याने काम अडवलं तर सोसायटीला पैसे देण्याची बँकेची हमी) हा विषय त्यात आलाच नसेल तर सावध व्हा.

आणि पार्ल्याची खास अडचण म्हणजे फनेल झोन. विमानतळाजवळ उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) कागदावर असूनही वर मजले चढवता येत नाहीत आणि बिल्डरला विक्रीची घरं कमी मिळतात. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या कितीतरी इमारती यात अडकल्यात. दलाल ‘दोन वर्षांत टॉवर होणार’ म्हणाला तर विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी आहे का, एवढं विचारा. शिवाय इमारत जितकी जुनी तितकी काही बँका कर्जाची मुदत कमी करतात, ते आधीच विचारून घ्या.

गुडघेदुखी

तिसरा मजला, लिफ्ट नाही. घेतलं तेव्हा मी धावत चढायचे. आता आठवड्यातून दोनदाच खाली उतरते. खाली कितीही छान ग्रंथालय असलं तरी मला काय उपयोग? सासू-सासरे सोबत असतील तर पहिला मजला किंवा लिफ्ट, याच्याशी तडजोड करू नका.

मुलुंडकर

पार्ल्यावरच का अडलात? मुलुंडही बघा. १९२०च्या दशकात आखून वसवलेलं गाव आहे, क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी सरळ काटकोनात रस्ते पाडले. तुम्ही ठाण्याकडच्या आहात, माहेर-सासरची माणसं तिकडेच असतील. ऑक्टोबर २०२४पासून टोलनाक्यावर छोट्या गाड्यांचा टोलही गेला. कालिदास नाट्यमंदिर, शेजारीच पालिकेचा तरणतलाव. मुलं सायकलवर हिंडतात. सीप्झ मात्र लांब पडेल, ते खरं.

चेंबूर सोडलेली

आम्हाला चेंबूर फार आवडायचं. झाडं, बाग, मंदिरं, दक्षिण भारतीय शेजारी, सकाळी कॉफीचा वास. पण धाकट्याला दमा निघाला. कारखान्यांचा वास काही रात्री घरात यायचा, आणि जानेवारी २०१६मध्ये देवनारच्या डंपिंग ग्राउंडला आग लागली तेव्हा धुराने दारं-खिडक्या बंद करून बसलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हवा बदला. बदलापूरला आलो. प्रवास वाढला, नवरा रात्री उशिरा येतो, त्याला मुलांचा अभ्यास घेता येत नाही, आणि तरी मी परत जाणार नाही. मूल श्वास घेतंय ना, मग बाकीचं पुढे बघू.

वर्षभर भाड्याने

आम्ही विकत घेण्याआधी त्याच भागात लीव्ह अँड लायसन्सवर राहिलो. डिपॉझिट, सामान हलवणं, सगळा खर्च धरूनही परवडलं, कारण नापसंत गल्ली कळली. पाणी किती वाजता येतं आणि तिसऱ्या मजल्यावर जोर असतो का, हे दुपारी घर बघायला गेल्यावर कळत नाही. जुलैत भिंतीला ओल कुठे येते, जिन्यात पाणी साठतं का, गणपतीत मांडव कुठे पडतो, रात्री रुग्णवाहिका गल्लीत वळते का, हे राहूनच समजतं. मुलीचा शाळाप्रवेश आधी बघा, कारण पुढच्या वर्षीचे अर्ज दिवाळीच्या आसपास सुटायला लागतात. प्रवेश मिळाला तर मे महिन्यात भाड्याने या, एक पावसाळा काढा, आणि दरम्यान दोन-तीन सोसायट्यांची कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्या.