गवती चहाला वास का येत नाही?

सोनचाफा:
डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. सासूबाईंनी गावाहून आणलेला गवती चहाचा ठोंब गॅलरीतल्या कुंडीत लावलाय. वाढला भरपूर, पण पात बारीक झालीय आणि शेंडे वाळतात. चहात घातली की नुसती गवताची चव, वास नाहीच. मी पाणी, आलं, साखर, पात, पावडर सगळं एकदमच टाकून चांगलं दहा मिनिटं उकळते. सर्दी झाली की सासूबाईंना हाच चहा लागतो, आणि हल्ली त्या अर्धा कप तसाच ठेवतात. हा गवती चहाच आहे ना?

परसदार:
ताई, आधी पात बोटांत चुरगळून बघा. लिंबाच्या सालीचा वास आला तर गवती चहाच. डासांच्या मलमाचा वास आला आणि बुडखा तांबूस-जांभळट असला तर तो सिट्रोनेला, तो चहात घालू नका. नर्सरीत या दोघांची सरमिसळ होते. तुमचा गावचा आहे, म्हणजे बहुतेक खराच असणार.

मला वाटतं, कुंडी दाटलीय. ठोंब उपटून काढा, खाली मुळांचं जाळंच दिसेल, माती उरलेलीच नसेल. मधला जून, वाळका भाग टाकून द्या. कडेचे जाड, पांढरट बुडख्याचे फुटवे मुळासकट सुटे करा, पात वीतभर ठेवून कापा आणि मोठ्या कुंडीत दोन-तीनच लावा. निम्मी माती, बाकी शेणखत आणि थोडी वाळू. आमच्याकडे संगमेश्वरला तो न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतो, त्यामुळे पाणी त्याला आवडतं. पण कुंडीत पाणी साचलं तर बुडखा कुजतो. रुजेपर्यंत सावली, मग गॅलरीत सगळ्यात जास्त ऊन येतं तिथे ठेवा. सावलीत पात नुसती लांबते. कापताना बुडापासून चार बोटं सोडा, आणि पात हाताने ओढू नका, कडेने बोट चिरतं.

आता चहा. वास पातीतल्या तेलाचा, त्यात मुख्य सिट्रल, आणि ते वाफेबरोबर उडून जातं. दहा मिनिटं उकळलंत की वास स्वयंपाकघरात आणि कप कोरडा. आलं-साखर आधी उकळू द्या. मग पावडर, आणि शेवटी पातीची गाठ मारून किंवा कात्रीने तुकडे करून टाका. एक उकळी आली की गॅस बंद, वर घट्ट झाकण, पाच मिनिटं हात लावू नका. दूध वेगळं गरम करून वरून घाला. गूळ घालणार असाल तर दूध फाटायची भीती असते, त्यापेक्षा सर्दीत कोराच द्या. मी तर म्हणते, पातीचा खरा चहा कोराच.

ओसरी:
पातीवर नारिंगी-तपकिरी भुकटी दिसली तर तांबेरा समजा. ती पात कापून फेका आणि पाणी मुळाशीच घाला, वरून शिंपडू नका.

आणि एक काळजीपोटी सांगते, मी दवाखान्यात काम करते. या चहाने घसा शेकतो, घाम येतो, बरं वाटतं. पण पावसाळ्यात ताप दोन-तीन दिवस हटला नाही तर काढ्यावर काढू नका, रक्त तपासून घ्या. डेंग्यूही तसाच सुरू होतो. घरात कुणी गरोदर असेल तर दाट काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बाटलीत मिळणारं गवती चहाचं तेल तर कुणीच पिऊ नये.

सोनचाफा:
चुरगळली, लिंबाचाच वास! संध्याकाळी झाकण ठेवून केला, सासूबाईंनी कप रिकामा केला. रविवारी ठोंब फोडते. इतकी पात निघेल, ती वाळवून ठेवता येईल का?

परसदार:
येईल की. धुऊन, पुसून, बोटभर तुकडे करा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात घालू नका. कुरकुरीत झाली की घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि चहात ताज्यापेक्षा थोडी जास्त टाका. उरलेले फुटवे शेजारी द्या, लवकर रुजतात.