मदत हवी आहे: पूर्वेकडे परतल्यावर लेकीचं जेट लॅग, सकाळचं ऊन नेमकं कधीपासून द्यावं?

परदेशातली सुट्टी संपवून घरी आलोय. तिथली वेळ इथल्यापेक्षा ९ तास मागे होती. आम्ही दोघं रुळलो, पण सात वर्षांच्या लेकीचं घड्याळ अजून तिकडचंच आहे. रात्री दोनला टक्क जागी, अंथरुणात रंगपेन्सिली ओळीने मांडत बसलेली असते, आणि दुपारी जेवताना घास तोंडात तसाच ठेवून पेंगते. सोमवारपासून शाळा आहे.

दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळनंतर स्क्रीन बंद केली, जेवणं इथल्या वेळेला सुरू केली. रोज सकाळी सातला तिला उन्हात फिरायलाही नेतो. ताप वगैरे काही नाही, खाणं ठीक. मेलाटोनिन (झोपेच्या हार्मोनची गोळी) डॉक्टरांनी नको म्हटलंय, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नका.

शंका उन्हाबद्दलच आहे. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. त्यानंतरचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे सरकवतो (झोप-जाग लवकर होते), आधीचा उलट मागे ढकलतो (उशिरा होते). म्हणजे आल्या आल्या आमची सकाळ तिच्या शरीराच्या हिशेबाने आदली रात्रच होती. घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं म्हणतात, पण तिचं किती सरकलंय हे कळत नाही. जी काळजी घेतोय तीच नडत असेल, ही धास्ती आहे.

सध्या मोकळी सोडली तर ती साडेदहापर्यंत झोपते. मग सातचं फिरणं थांबवून उठल्यावरच उन्हात नेऊ, की चालू ठेवू? आणि शाळेसाठी लवकर उठवायला लागल्यावर सकाळच्या उजेडाचं काय करायचं?