मदत हवी आहे : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची सामाईक नोंद कशी ठेवावी?

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ, डबे पोचवणारं महिला मंडळ आणि वॉकर, कमोड खुर्ची अनामत घेऊन देणारं रुग्णसाहित्य केंद्र आहे. पण एका संस्थेचं दुसरीला कळत नाही. खुब्याचं हाड मोडून घरी आलेल्या आजींना डबा लगेच सुरू झाला, न्हाणीघरात धरायला दांडी मात्र कुणीच बसवली नाही. त्यांना तर आंघोळ स्वतःची स्वतः करायची होती!

व्हॉट्सॲप ग्रुप करून पाहिला; आजारपणाची माहिती भलत्यांपर्यंत जायला लागली म्हणून बंद केला. एल्डरलाइनचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा, १४५६७ नंबर सगळ्यांकडे आहे, अडतंय ते रोजच्या ताळमेळाचं. पगारी माणूस परवडत नाही, आणि बरेच स्वयंसेवक सत्तरीचे, त्यामुळे नवं ॲप नको.

तुमच्याकडे अशी सामाईक वही कोणती संस्था सांभाळते, आणि संमतीपत्रात नेमकं काय लिहून घेता?