आमच्या घोडीचे चित्र काढून घ्यायचे आहे. पार्श्वभूमी कशी असावी?

शहादेकर:
सारंगखेड्याच्या यात्रेत आप्पांनी घेतलेली आमची कुमैत (तांबूस-तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आता २४ वर्षांची झाली असून, ती डोळ्यांसमोर आहे तोवर तिचे तैलचित्र करून घ्यावे अशी घरात सर्वांची इच्छा आहे. चित्रकाराच्या कच्च्या रेखाटनात मागे किल्ला, मावळता सूर्य आणि उधळलेली आयाळ आहे. ते पाहून आप्पा म्हणाले, "घोडी चांगली आहे, पण आपली नाही." नेमके काय बदलायला सांगावे?

तापीकाठ:
पार्श्वभूमी पूर्णपणे काढून टाकायला सांगावी, असे माझे ठाम मत आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉर्ज स्टब्स यांनी १७६२च्या सुमारास रंगवलेले ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याचे जवळजवळ तीन मीटर उंचीचे चित्र आहे. त्यात स्वार नाही, लगाम नाही, आभाळ नाही. मागच्या खुरांपाशी पडलेली थोडी सावली वगळता जमीनसुद्धा नाही. नजर दुसरीकडे वळवायला जागाच नसल्यामुळे, मान वळवून आपल्याकडे पाहणारा तो घोडा धन्याच्या वैभवाची खूण न वाटता स्वतःचा स्वभाव असलेला जीव वाटतो. स्टब्स यांनी सुमारे दीड वर्ष घोड्यांचे शवविच्छेदन करून हाडे आणि स्नायू अभ्यासले होते, त्यामुळे कातडीखालचा ताणही त्यांच्या कुंचल्यात उतरला.

अमळनेरकर:
याच्याशी सहमत आहे. मात्र चित्रकार तिला तरुण करणार नाही, याची काळजी घ्या. डोळ्यांवरचे खोलगट खळगे, किंचित वाकलेली पाठ, कपाळावरचा टिळा आणि बाजारात सर्वांत आधी पाहिले जाणारे अंगावरच्या केसांचे भोवरे जसेच्या तसे यायला हवेत. छायाचित्र मोबाइलने अगदी जवळून काढू नका, तोंड मोठे आणि धड लहान दिसते. चार-पाच पावले मागे जाऊन, तिच्या छातीच्या उंचीवरून, सकाळच्या तिरप्या उन्हात काढा.

शहादेकर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी आप्पांनी तिला अंगणात उभे केले आणि गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, दिसावा म्हणून मानेवरची आयाळ स्वतः बाजूला सारली. किल्ला आणि सूर्य काढून टाकायचे ठरले आहे. म्होरकी (तोंडावर बांधलेली दोरी) मात्र राहू द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे, कारण ती त्यांनी स्वतःच्या हाताने वळलेली आहे.