चेहरा ओळखून बेसबॉलच्या जुन्या फोटोंची तारीख ठरवणं थांबायला हवं

हडसनकाठ
एकोणिसाव्या शतकातले बेसबॉलचे फोटो जमवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. फोटोचं वय आधी वस्तूवरून ठरवा, चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी वळा. सध्या नेमकं उलटं चाललंय.

अलेक्झांडर कार्टराइटचंच बघा. १८४५ साली न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर हा बेसबॉल क्लब उभा करणाऱ्यांपैकी हा एक. त्याच्या घराण्यातून एक डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर थेट उमटवलेला फोटो, पुढे आला. त्यात सहा पुरुष आहेत, पण बॅट नाही की चेंडू नाही. घराण्याचं म्हणणं असं की, त्यातला एक कार्टराइट आणि बाकीचे क्लबातले सोबती. कार्टराइटने १८४९ मध्ये न्यूयॉर्क सोडलं, सोन्यासाठी कॅलिफोर्निया गाठलं आणि शेवटी तो होनोलुलूत स्थायिक झाला. म्हणून फोटो त्याआधीचा, आणि म्हणून तो बेसबॉलच्या सर्वांत जुन्या फोटोंपैकी एक! हा सगळा डोलारा एका चेहऱ्यावर उभा आहे. त्या चेहऱ्यावरून अभ्यासकांत जोरदार वाद झाले. नाव गळालं की तारीखही गळते, मागे उरतात सहा अनोळखी माणसं.

याउलट साधं कार्ट द व्हिजिट घ्या, म्हणजे अडीच बाय चार इंची पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो. यादवी युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकन सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंवर कर लावला होता. २५ सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचं तिकीट, ५० पर्यंत तीन सेंटचं. स्टुडिओवाला ते मागे चिकटवायचा आणि त्यावर शाईने आद्याक्षरं नि तारीख टाकून रद्द करायचा. पुठ्ठ्याच्या मागे असं तिकीट असेल तर तुमच्या हातात दोन वर्षांची चौकट आली. ही चौकट कुणाच्या नाकाच्या ठेवणीवर अवलंबून नाही.

पुठ्ठापारखी
असहमत. तिकीट सांगतं की हा पुठ्ठा कधी विकला गेला. फोटो कधी काढला ते त्यावरून कळत नाही. काचेची निगेटिव्ह स्टुडिओत पडून असायची, मागणी आली की नवी प्रत निघायची. जुन्या डॅगेरोटाइपचा फोटो घेऊन त्याची कार्ट द व्हिजिटही करत. १८५८ च्या खेळाडूची प्रत १८६५ च्या तिकिटासह मिळाली, तर तुमच्या पद्धतीने सात वर्षांची चूक होईल आणि ती पकडणार कोण? त्या माणसाचं वय, त्याची दाढी, थोडक्यात त्याचा चेहराच.

हडसनकाठ
मुद्दा रास्त आहे, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. प्रतीची तारीख आणि मूळ फोटोची तारीख या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच लिहा. आणि मूळ तारखेसाठीही चेहऱ्याआधी बघण्यासारखं बरंच आहे. गुडघ्यापर्यंतची विजार सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जनी १८६८ च्या सुमारास रूढ केली, १८६९ मध्ये उघडपणे व्यावसायिक झालेला पहिला संघ तो हाच. कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, तोंडावर मुखवटा दिसला तर फोटो १८७७ च्या आधीचा नसणार. असे पुरावे हवेत.

रानवारा
कपड्यांवर इतका भरवसा? गावोगावचे हौशी संघ जुनेच कपडे वर्षानुवर्षं वापरत. लांब विजार म्हणजे १८६८ च्या आधीचा फोटो, असं म्हणणारे माझ्या मते चेहरा ओळखणाऱ्यांइतकेच घाई करतात.

आणि टिनटाइपचं, म्हणजे पातळ लोखंडी पत्र्यावरच्या फोटोचं, तर तंत्रच फसवं आहे. त्यात प्रतिमा उलटी पडते, आरशात दिसते तशी. उजव्या हाताने खेळणारा डावखुरा दिसतो, सदऱ्यावरचं अक्षर उलटं येतं. शिवाय त्या काळी फोटोसाठी पत्र्यावर किंवा काचेवर देत त्या कोलोडियन नावाच्या रसायनाच्या लेपाला निळा रंग लवकर टिपता यायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे तांबडे मोजे काळे येतात आणि फिकट निळी टोपी पांढरी. गणवेशाच्या छापील वर्णनाशी फोटो ताडून बघणाऱ्यांनी हे विसरून कित्येक संघांना चुकीची नावं दिली असतील.

पुठ्ठापारखी
रानवारांशी रंगाच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण मग घराण्याची आठवण का झिडकारायची? कागदपत्रं सगळ्यांकडे नसतात. आजीने ‘हे तुझे खापरपणजोबा’ म्हणून दाखवलेला फोटो मी कचऱ्यात टाकत नाही.

हडसनकाठ
कचऱ्यात टाका असं कुणीच म्हणत नाहीये. ‘घराण्याच्या सांगण्यानुसार’ असं लिहा, एवढंच. लिलावाच्या यादीत हे शब्द गाळले जातात, कारण नाव पक्कं झालं की किंमत चढते. माझा खरा राग याच्यावर आहे.

शेवाळकाठी
लिलावाला इतकं वाईट ठरवू नका. ब्रुकलिन अटलांटिक्स या बेसबॉल संघाचं १८६५ चं कार्ट द व्हिजिट अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, एका अल्बममध्ये सापडलं. २०१३ मध्ये ते ९२ हजार डॉलरला गेलं. पैसा नसता तर तो अल्बम कुणी उघडूनही बघितला नसता. आणि तिथे चेहरा ओळखायचा प्रश्नच नव्हता. फोटो ब्रुकलिनच्या चार्ल्स विल्यमसनचा, दुसरी प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, कॉपीराइटची नोंद १८६५ ची.

हडसनकाठ
हेच तर उत्तम उदाहरण! तिथे तारीख नोंदीवरून आली. फोर्ट पुलास्कीचा फोटोही तसाच. जॉर्जियातल्या या किल्ल्यात ४८ व्या न्यूयॉर्क पलटणीचे शिपाई समोर रांगेत उभे आहेत आणि मागे मैदानात बेसबॉल चाललाय. पलटण त्या किल्ल्यात कधी होती ते ठाऊक आहे, म्हणून फोटो १८६२-६३ च्या सुमाराचा. त्यातल्या एकाही शिपायाचं नाव कळायची गरज पडली नाही.

रानवारा
मग संग्राहकांना एक विनंती मीही करतो. अल्बममधून फोटो सुटा काढून विकू नका. शेजारच्या पानावरची माणसं, गावातल्या स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेलं एखादं नाव, यावरूनच पुढे सगळं जुळतं.

शेवाळकाठी
आणि अल्बमची कातडी पट्टी तुटली असेल, पानं आम्लाने पिवळी पडून फोटोच खात असतील, तर? फोटो वाचवायचा की पान?

रानवारा
दोन्ही. काढण्याआधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, फोटोमागे काय आहे ते लिहा, पानाचा क्रमांक पाकिटावर पेन्सिलने टाका. विकताना ते स्कॅन फोटोबरोबरच द्या.

शेवाळकाठी
हे मान्य. पण ‘सुटा विकूच नका’ हे अजूनही मान्य नाही.