पोर्तोकालोपिता खाली खरवस, त्सुरेकीला भेगा: गोव्यात नक्की कुठे चुकतं?

अंत्रुजकन्या

दोन ग्रीक पदार्थ घरच्या ओटीजीत करून पाहिले, दोन्ही फसले. मापं आणि लक्षणं देते. जाणकारांनी सांगावं.

पोर्तोकालोपिता (संत्र्याचा, पाकात मुरवलेला केक): फिलो शीटचं, म्हणजे कागदासारख्या पातळ पिठाच्या पानांचं, ४५० ग्रॅमचं पाकीट (फ्रोझन) वितळवून, कापून थेट मिश्रणात. अंडी ४, साखर १ कप, तेल १ कप, घरचं दही १ कप, नागपुरी संत्र्यांचा रस १ कप, बेकिंग पावडर २ चमचे. १८० अंशांवर ४५ मिनिटं. पाक २ कप साखर आणि १ कप पाण्याचा, एकतारी, गरम गरम वर ओतला. तळाला दोन बोटं खरवसासारखा थर, वर पाकाचं तळं, आणि अंड्याचा वास.

त्सुरेकी (ईस्टरचा गोड, वेणीचा पाव): मैदा ५००, साखर १५०, लोणी १०० ग्रॅम, अंडी ३, कोमट दूध १०० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. सगळं एकत्र १० मिनिटं मळलं, तासभर फुगवलं, वेणी घालून अर्ध्या तासात भाजलं. वेणी पसरट झाली, पेडांच्या मधे भेगा पडल्या, आत केकसारखा भुगा. ते तंतू सुटतात म्हणतात, त्यांचा पत्ता नाही.

आणि त्सुरेकीच्या वासासाठी घालतात ते महलेपी, मास्तिखा इथे कुठे मिळतं? नाही मिळालं तर काय?

बार्देशी

आधी पोर्तोकालोपिता. तुमच्या मापांत फार खोट नाही, पाणी जास्त झालंय. फिलो म्हणजे ग्रीकमध्ये पान, आणि या पदार्थात ते पान वाळलेलंच लागतं. यात पिठाची जागा पानंच घेतात. सुकलेली असली तर मिश्रण पिऊन फुगतात. ओली असली की आधीच तृप्त, मग अंडं-दही तळाला उतरतं आणि तिथे कस्टर्ड होतं. तुमचा खरवस तो हाच.

ग्रीसच्या कोरड्या हवेत पट्ट्या रात्रभर ओट्यावर पसरून ठेवल्या तरी भागतं. आपल्याकडे तसं केलं तर सकाळी त्या जास्तच मऊ सापडतील. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, पापडसुद्धा डब्यात माना टाकतात. म्हणून ओव्हनच. पानं गुंडाळून सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या कापा, बोटांनी शेवया मोकळ्या करतो तशा सोडवा, दोन ट्रेमध्ये पसरा, १०० अंशांवर १५ ते २० मिनिटं, मधे एकदा उलटा. रंग यायला नको. चिमटीत धरल्यावर कुरकुरून तुटली पाहिजेत. वजनकाटा असेल तर पाऊणशे ते शंभर ग्रॅम उतरलेले दिसतील. ट्रेमध्येच गार करा आणि लगेच वापरा, नाहीतर तासाभरात हवा परत पाणी भरते.

दुसरं, दही. तिथलं दही गाळलेलं असतं. घरचं दही तसंच घातलं म्हणजे वर अर्धी वाटी पाणी घातल्यासारखं. ४०० ग्रॅम दही फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगा, साधारण २०० ग्रॅम चक्का मिळतो. श्रीखंडाइतका कोरडा नको, चमच्यावरून जड पडेल इतपत. बाहेर टांगलंत तर आंबट होईल.

क्रम असा: साखरेत दोन संत्र्यांची किसलेली साल बोटांनी चोळा, सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि अंड्याचा वास बराच दबतो. मग ४ अंडी फेटा, तेल २०० मिली धारेने, चक्का, रस २०० मिली, बेकिंग पावडर १५ ग्रॅम. पट्ट्या चार-पाच मुठींत घाला, प्रत्येक मुठीनंतर खालून वर ढवळा. एकदम ओतल्या की गोळा होतो आणि मधे कोरडं राहतं. २३ बाय ३३ सेंमीचा तेल लावलेला ट्रे, १७० अंश, ४५ ते ५० मिनिटं. ओटीजीत खालची-वरची दोन्ही कांडी चालू, मधली फळी.

तेल सूर्यफुलाचं घ्या. खोबरेलाचं नाव काढू नका, संत्र्याला गिळून टाकतं.

पाक: ४०० ग्रॅम साखर, ४०० मिली पाणी, दालचिनीचा तुकडा, अर्ध्या संत्र्याच्या चकत्या. उकळी आल्यावर पाच मिनिटं, बस. तार यायला नको. एकतारी पाक जड असतो, आत झिरपत नाही, तेच तुमचं तळं. हा पाक आधी करून पूर्ण गार करायचा आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या गरम केकवर पळीपळीने घालायचा. दोन्ही गरम असले तर लगदा, दोन्ही गार असले तर पाक वरच. टूथपिकने भोकं पाडा, एक पळी जिरली की दुसरी. कापायची घाई नको, चार तास तरी मुरू द्या.

तिसवाडीकर

बार्देशींनी सालीचं सांगितलं, फळाचं राहिलं.

नागपुरी संत्रं सुट्या सालीचं, मँडरीनच्या कुळातलं. ग्रीक पोर्तोकाली म्हणजे घट्ट सालीचं गोड संत्रं. त्याला आपल्याकडे जवळचं म्हणजे माल्टा, किंवा दुकानात मिळणारी आयात संत्री. नागपुरीचा रस चालतो, पण साल ढिली, किसणीवर सरकते आणि आतला पांढरा भाग ओढला जातो. पांढरं आलं की कडू झालंच. साल किसायला घट्ट फळ आणि रसाला नागपुरी, असा मेळ उत्तम. आयात फळावर मेण असतं, कोमट पाण्याने घासून पुसून घ्या.

मोसंबीचा रस वापरणार असाल तर पिळल्याबरोबर मिश्रणात घाला. ठेवला की कडवटपणा येतो, तापवला की वाढतो. किन्नूचंही तेच. बिया मिक्सरमध्ये फिरल्या तर तो रस टाकूनच द्या.

जाता जाता: पोर्तोकाली या शब्दात पोर्तुगालच आहे, गोड संत्रं युरोपात पसरलं ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे म्हणून. आणि ग्रीक ज्या कडू संत्र्याचा मुरंबा करतात त्याला ते नेरांत्झी म्हणतात, ते आपलं नारिंग. म्हणजे दोन्ही नावांशी गोव्याची ओळख जुनी.

साष्टीकार

त्सुरेकी. इथे वेणी जास्त फुगली म्हणून पसरली असं कोणी म्हणेल, तर ते अर्धंच खरं. पेडांच्या सांध्यात भेग पडते ती *कमी* फुगलेल्या कणकेला. यीस्टची ताकद शिल्लक असते, ती ओव्हनमध्ये एकदम उसळते आणि शिवण उसवते. पसरट होणं हा वेगळा आजार आहे, कणीक अशक्त आणि गरम.

हिशोब बघा. ५०० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम साखर म्हणजे ३० टक्के. इतकी साखर यीस्टचं पाणी ओढून घेते, ते सुस्त पडतं. एका तासात काही होत नाही, गोव्याच्या उकाड्यातसुद्धा. साखर १२० वर आणा, यीस्ट १० ग्रॅम करा.

पाणीही कमी पडलंय. तीन अंड्यांतून साधारण ११० मिली पाणी येतं, १०० मिली दुधातून ८७. म्हणजे ५०० ग्रॅमला जेमतेम ४० टक्के. एवढ्या घट्ट कणकेतून भुगाच निघणार. दूध १४० मिली घ्या, आणि फ्रिजमधलं गार. स्वयंपाकघर ३२ अंशांवर, वर मळण्याची उष्णता, त्यात कोमट दूध, म्हणजे लोणी वितळून तेलासारखं सुटतं. मळून झालेली कणीक २६ अंशांच्या वर जायला नको. अंडीही गारच.

मैदा: आपला साधा मैदा प्रथिनांत ९-१० टक्के. पावाचा मैदा मिळाला तर बरं. नाहीतर ५०० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) पावडर मिसळा, सुमारे १२ टक्क्यांवर येतो. लोणी बिनमिठाचं.

आता तंतूंची गोष्ट. तंतू म्हणजे ताणलेलं ग्लूटेन. साखर आणि लोणी सुरुवातीलाच घातलं की ते तयारच होत नाही. म्हणून मैदा, यीस्ट, दूध, अंडी आणि अर्धी साखर एवढंच आधी मळा, ८ मिनिटं. २० मिनिटं झाकून ठेवा. मग उरलेली साखर दोन वेळा, ५ ग्रॅम मीठ, आणि सगळ्यात शेवटी ८० ग्रॅम मऊ (वितळलेलं नव्हे) लोणी, एकेक चमचा. लोणी पडलं की कणीक फाटल्यासारखी होते, घाबरून मैदा टाकू नका. मळत राहा, पुन्हा जुळते. हाताने २० मिनिटं तरी लागतात. सुपारीएवढा गोळा बोटांत ताणून पाहा: पलीकडचा उजेड दिसेल असा पडदा आला पाहिजे. फाटला तर अजून मळा.

पहिलं फुगणं: दीडपट होईपर्यंत बाहेर, मग रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. गार कणकेचे पेड ओढायला सोपे, लोणी सुटत नाही. पेड लाटायचे नाहीत, हाताने लांबवायचे, तीनही सारख्या जाडीचे, ४० सेंमी. पेड एका दिशेने ओढला गेला की तंतूही त्याच दिशेला बसतात. वेणी सैल घाला, आवळलीत तर फुगायला जागा नाही आणि भेग पुन्हा तिथेच. दुसरं फुगणं घड्याळावर नको, दीड ते अडीच तासही लागतील. बोटाने हलका दाब द्या, खळगा हळूहळू आणि अर्धाच भरून आला की ओव्हन तापवा.

अंड्याचा बलक आणि चमचाभर दूध दोनदा लावा, पहिला थर सुकल्यावर दुसरा. १६५ अंश, ३५ मिनिटं. साखरेमुळे रंग लवकर चढतो, विसाव्या मिनिटाला वर फॉइल टाका. आत ९० अंश झाले की काढा. जास्त ठेवलीत की दुसऱ्या दिवशी टोस्ट.

ईस्टरला वेणीत लाल अंडं खोचतात. ते उकडलेलंच खोचा, पण कोरडं पुसून आणि थोडं तेल लावून, नाहीतर रंग ब्रेडला लागतो.

रवाळी

मास्तिखासाठी परदेशात कोणाला निरोप पाठवायची गरज नाही. ती युनानी औषधांतली रुमी मस्तगी, काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे मागा. किऑस बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांचा डिंक आहे. भेसळ फार होते. एक दाणा चावून बघा, खरी मस्तगी आधी कुस्करते आणि मग दाताखाली पांढऱ्या च्युइंगमसारखी होते. नुसतीच भुगा होऊन राहिली तर दुसरी कुठली तरी राळ आहे. कुटायच्या आधी १५ मिनिटं फ्रीझरमध्ये आणि चमचाभर साखरेबरोबर खलात, नाहीतर बत्त्याला चिकटून बसते. ५०० ग्रॅमला पाव चमचा पूड पुरे, जास्त झाली की टर्पेंटाइन.

महलेपी म्हणजे एका रानटी चेरीच्या बियांतला गर. आखाती बाजारात महलब नावाने मिळते. आपल्याकडे आखातात कोणाचं ना कोणाचं माणूस असतंच. अख्खी मागवा आणि लागेल तशी दळा, पूड लवकर खवट होते. एक चमचा पुरे. नाही मिळाली तर बदाम इसेन्सचे दोन थेंब आणि अर्धा चमचा वेलची. वेलची ही काही तडजोड नव्हे, त्सुरेकीत ग्रीकही ती घालतात. कडू बदाम किंवा जर्दाळूच्या कडू बिया मात्र घरी दळून घालू नका, त्यातून विष तयार होतं.

आणि फिलो मिळालंच नाही तर समोशाच्या पट्ट्यांनी वेळ मारून नेता येते. त्या अर्धवट भाजलेल्या असल्यामुळे पाक कमी पितात, चावायला जरा चिवट लागतात. त्यापेक्षा सरळ रेवानी, म्हणजे ग्रीकांचा रव्याचा पाकातला केक करा. गोव्यात बाथ (रवा-खोबऱ्याचा केक) येणाऱ्याला ती अर्धी येतेच, खोबऱ्याच्या जागी दही आणि संत्रं. बारीक रवा १८० ग्रॅम, मैदा १००, साखर १५०, अंडी ४, चक्का १५०, तेल १२० मिली, साल, बेकिंग पावडर १० ग्रॅम. फरक एवढाच की बाथचं पीठ रात्रभर भिजवतो, हे १५ मिनिटंच, आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी, नाहीतर तिचा जोर ओव्हनच्या बाहेरच संपतो. २३ सेंमी चौकोनी ट्रे, १७५ अंश, ३५ मिनिटं. इथे उलट: केक गार, पाक गरम. इडली रवा घेऊ नका, तो तांदळाचा.

अंत्रुजकन्या

सगळ्यांचे आभार. म्हणजे फिलो ओलं, दही पातळ, दूध कोमट. एकच शंका: ठेवायचं कसं? आणि उरलेल्या सालींचं काय?

बार्देशी

पोर्तोकालोपिता फ्रिजमध्ये झाकून चार-पाच दिवस, गारच चांगली लागते. बाहेर ठेवायचीच असेल तर ट्रे पाण्याच्या परातीत, मुंग्यांना साखरेचा वास आपल्याआधी येतो. त्सुरेकी फ्रिजमध्ये नको, लवकर शिळी होते. पूर्ण गार करून पिशवीत बांधा, दोन दिवस टिकते. जास्त असेल तर कापून फ्रीझरमध्ये.

तिसवाडीकर

सालींचा चमच्याने खायचा मुरंबा. जाड सालीच लागतात. माटोळीत (गणपतीच्या वर बांधतो त्या फळांच्या चौकटीत) टांगतो त्या पपनसाची तर सर्वात छान. वरचा चकचकीत थर हलका किसून काढा, साल बोटभर रुंद कापा, गुंडाळून सुईदोऱ्यात माळ ओवा म्हणजे उलगडत नाही. तीनदा पाणी बदलून दहा-दहा मिनिटं उकळा, मग रात्रभर गार पाण्यात. पपनसाला चौथं पाणी लागतं, चाखून ठरवा. सालीच्या वजनाइतकी साखर, निम्मं पाणी, मंद आचेवर दोनतारीच्या जरा अलीकडे थांबा. उतरवायच्या पाच मिनिटं आधी अर्ध्या लिंबाचा रस, म्हणजे पाकाला साखर धरत नाही. दोरा काढायला विसरू नका.