पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की मुलीचं पोट दुखायला लागतं, बांबोळीच्या मानसिक हॉस्पिटलात न्यावं का?

कुळागरवाली (फोंडा)

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगी ९ वर्षांची, चौथीत. सकाळी पोदेराचा भोंपू ऐकू आला की माझ्या पोटात गोळा येतो कारण तिथूनच आमचं सुरू होतं. ती अंथरुणात पोट धरून बसते, मग प्रश्न. आई तू आज नक्की परत येशील ना, किती वाजता येशील, पाऊस आला तर, बस बंद पडली तर, फोन लागला नाही तर. मी उत्तर देते, पाच मिनिटांनी परत तेच. बालरथ (शाळेची बस) कोपऱ्यावर वळला की उलटी होते, खरीखुरी उलटी, नाटक नाही. आणि बालरथ निघून गेला की अर्ध्या तासात पाव चहात बुडवून खात बसलेली असते. रविवारी काही नाही, चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत काही नाही.

गेल्या पावसात ह्यांची स्कूटर घसरली, पाय मोडला, तेव्हापासून वाढलंय. तशी आधीपासूनच भित्री होती. मुलांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल, गॅसचं सिरप दिलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. मग मीच ऑनलाईन एक काउन्सिलर शोधली, १५०० रुपये घेतले आणि दहा मिनिटांत निकाल दिला की तुम्ही नोकरी करता म्हणून असं होतंय. त्या रात्री मी रडले.

आता बहीण म्हणते बांबोळीला ने. हे म्हणतात, पिशांच्या (वेड्यांच्या) हॉस्पिटलात नेलं तर गावभर होईल, पुढे लग्नात अडेल. ९ वर्षांच्या पोरीचं लग्न! पण भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू. नेमकं कुणाकडे जायचं, गोळ्या देतात का, कागदोपत्री कायमचं राहतं का?

डिचोलीची आई

अगो बाय, तुझं वाचून अंगावर काटा आला, माझ्या मुलाचं सेम टू सेम, फक्त त्याला डोकं दुखायचं. तो ११ वर्षांचा होता. आम्ही बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे त्याच मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळच आहे, लोकांना वाटतं आत साखळ्या आणि शॉक, प्रत्यक्षात केसपेपर काढायची रांग, बाकडी आणि आपल्यासारखेच आईबाप. मुलांना बघणारे डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात ते आधी फोन करून विचार म्हणजे खेप फुकट जाणार नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी खूप विचारलं, झोप, जेवण, शाळा, घरात आणखी कुणाला असं होतं का (तेव्हा कळलं की माझ्या सासऱ्यांना आयुष्यभर हेच होतं, फक्त नाव नव्हतं). मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. गोळी नाही दिली, म्हणाले आधी थेरपी करून बघू.

थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा असं मला वाटायचं. तसं नाही गो. त्यांनी मुलाला विचारलं भीती अंगात कुठे बसते, तो म्हणाला घशात बेडूक फुगल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून आमच्या घरात बेडूकच. आज बेडूक दहापैकी किती? सात. मग आम्ही पायऱ्या केल्या. पहिला आठवडा नुसता युनिफॉर्म घालून बलकांवात (ओसरीवर) बसायचं, बालरथ जाऊ द्यायचा. मग बाबांबरोबर गेटपर्यंत. मग दोन तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. बेडूक सातवरून चारवर येईपर्यंत तिथेच थांबायचं, पळायचं नाही, ही अट. कारण तो घाबरला की आम्ही घरी आणायचो, लगेच बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट. म्हणजे मायेपोटी आम्हीच बेडकाला खायला घालत होतो.

एक दिवस गेटची सळई धरून असा ओरडला की वॉचमन बघायला आला. मी त्याला घरी न्यायला पुढे झालेसुद्धा, नवऱ्याने हात धरला. वीस मिनिटं लागली. मग सळई सोडली आणि आत गेला, मागे वळून बघितलंही नाही, मी मात्र झाडामागे उभी राहून रडत होते.

आणि ते प्रश्न! एकदाच उत्तर द्यायचं. परत विचारलं तर "उत्तर तुला ठाऊक आहे, तूच मला सांग". पहिले चार दिवस घरात महाभारत, मग कमी झालं. चौदा सेशन लागले आम्हाला. अजूनही परीक्षेला बेडूक येतो पण दोन-तीनवर असतो.

सरळसोट पेडणेकर

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पोट दुखतं म्हटलं की ओव्याचं पाणी आणि पाठीत दोन धपाटे, गुमान शाळेत. लाड कमी करा.

डिचोलीची आई

धपाटे आम्हीही देऊन बघितले दादा, उलटी तेवढी लवकर व्हायला लागली.

पाटीपेन्सिल

प्राथमिक शाळेत शिकवते, २२ वर्षं झाली. सरळसोट, तुमच्या वर्गातही अशी दोन मुलं होती, ती शाळा सोडून गेली एवढंच, तुम्हाला आठवत नाहीत.

कुळागरवाली, डॉक्टरकडे जाच पण त्याआधी शाळेत एक चक्कर मार, आणि वर्गशिक्षिकेला पोरं नसताना भेट. कुणी चिडवतं का, बसमध्ये कुणी त्रास देतं का, संडासला जायला घाबरते का (हे कारण फार वेळा निघतं, कडी लागत नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत), वाचायला अडखळते का. शाळेतच काही खरं कारण असलं तर नुसत्या पायऱ्या चढवून उपयोग नाही. माझ्या वर्गात एक मुलगी यायची, तिला मी इतरांच्या आधी दहा मिनिटं बोलवायची, फळा पुसायला. गर्दीतून आत यायचं टळलं. शाळेला काउन्सिलर येत असेल तर तिलाही सांग. आणि घरी राहिली त्या दिवशी टीव्ही-मोबाईल बंद, शाळेचंच वेळापत्रक. नाहीतर घरी राहणं गोड लागतं.

औषधवाला

फार्मसीत आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे विचारू नका.

गोळ्यांचं. मुलांच्या अँग्झायटीवर (अति भीती-काळजीवर) फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन अशी औषधं देतात. त्रास जास्त असेल किंवा नुसत्या थेरपीने हलत नसेल तेव्हा. ही झोपेची गोळी नव्हे, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सवय लागते म्हणून लोक घाबरतात तशी ही नशेची औषधं नाहीत, पण मनाने एकदम बंद करायची नाहीत. सुरुवातीला मूल जास्तच चुळबुळं, चिडकं झालं किंवा मरणाबिरणाचं बोलायला लागलं तर लगेच डॉक्टरला फोन. आणि हात जोडून सांगतो, शेजारणीची झोपेची अर्धी गोळी पोरांना देऊ नका, आमच्याकडे मागायला येतात लोक.

२००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर अभ्यास झाला होता. १२ आठवड्यांनी थेरपी आणि सर्ट्रालीन दोन्ही घेणाऱ्यांपैकी साधारण ८१ टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या थेरपीने ६०, नुसत्या गोळीने ५५, आणि साखरेच्या गोळीने (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या) २४. म्हणजे नुसत्या थेरपीनेही निम्म्याहून जास्त मुलांना गुण येतो, पहिल्याच दिवशी गोळी मिळेल असं धरून चालू नका.

कागदांचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. शाळेला किंवा गावाला कळवायला कुणी जात नाही. ओपीडीत दाखवलं म्हणजे ॲडमिट केलं असंही नाही. इन्शुरन्स कंपन्यांनी मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा हेही त्याच कायद्यात आहे, फक्त ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसीत नसतो.

तुमच्या त्या १५०० वाल्या बाईंबद्दल काय बोलणार. काउन्सिलर अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो विचारायला लाजू नका. बांबोळी नको वाटत असेल तर पर्वरीची संगात संस्था आहे, १९९६ पासून मुलांच्या आणि मनाच्या आरोग्यावर काम करते, आता मुलांसाठी काय काय चालू आहे ते फोनवर विचारा. आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, फुकट, २४ तास. रात्री दोनला छातीत धडधडलं तरी लावता येतो, आईची धडधड असली तरी चालते.

कुळागरवाली (फोंडा)

सगळ्यांना काय म्हणू. काल रात्री ह्यांना मोबाईल दिला, म्हटलं वाचा. बेडकाच्या तिथे थांबले. मग म्हणाले लहानपणी मलाही असंच व्हायचं, फोंड्याच्या बसस्टँडवर. लग्नाला १२ वर्षं झाली, मला हे आजच कळतंय.

शाळेतही जाऊन आले. पाटीपेन्सिल, तुमचा अंदाज बरोबर, मुलींच्या संडासाची कडी तुटलेली आहे, बाईंनी बसवून देते म्हटलंय. उलटीचं तेवढंच कारण नसेल, पण कडी बसतेय.

सोमवारी ह्यांनी रजा टाकलीय. सासूबाईंचं म्हणणं आधी मंगेशीला नारळ, मग डॉक्टर. म्हटलं चालेल, वाटेतच आहे. एकच विचारायचं राहिलं, पहिल्या दिवशी तिला बरोबर न्यायची की आधी आम्ही दोघांनीच जाऊन बोलायचं? आणि तिला काय सांगायचं?

डिचोलीची आई

घेऊनच जा. खोटं सांगू नको, बाजारात नेते म्हणून फसवून तर अजिबात नको. पोट दुखायला लावणारी जी भीती आहे ना, तिच्यावरच्या डॉक्टरकडे जातोय, सुई नाही, एवढं पुरे. जुन्या रिपोर्टांची फाईल घे, शाळेच्या दोन वह्या घे. आणि डबा, रंगपेटी. थांबावं लागतं.